बिल्ला लावलेला बहुरूपी

पनवेल,
१० डिसेंबर १९९४

प्रिय अनुया,

पाकिटावर तुझं एकटीचं नाव आणि अक्षर माझं, हे बघून दचकू नकोस. घरी सगळं ठीक आहे. आईचा गुडघा दुखतो आहे, पण तो दुखत नसला की मला जास्त काळजी वाटते. मे महिन्यापासून तुझी पत्रं आईच्या नावाने येतात आणि प्रत्येकाच्या शेवटी 'बाबांना नमस्कार' असतो. आई तो मोठ्याने वाचते आणि मी वर्तमानपत्राआडून 'हं' म्हणतो. अशा सात नमस्कारांची उत्तरं राहिली होती, ती आज एकदम देतो आहे. कायद्याचा अभ्यास करतेस, तेव्हा लांबलचक कागद वाचायची सवय झाली असेलच.

आधी बातमी. तुझा बाप फसला. भर दुपारी, स्वतःच्या छापखान्यात, चष्मा लावलेला असताना. चोवीस वर्षं दर शनिवारी साप्ताहिकात 'चिमटे' हे सदर लिहून जो माणूस गावाला शहाणपण शिकवतो, त्याला काशिराम बहुरूप्याने असा काही गुंडाळला की आता टपाल नाक्यावर लोक मला बघून आधी हसतात आणि मग नमस्कार करतात. इतकी वर्षं क्रम उलटा होता. पण ही गोष्ट मधून सुरू करून भागणार नाही, कारण तिच्या सुरुवातीला मीच उभा आहे.

सुरतेच्या प्लेगच्या बातम्या आल्या आणि सप्टेंबरात आपल्या गावालाही स्वच्छतेचा झटका आला. जो तो नाकाला रुमाल लावून दुसऱ्याच्या दाराकडे बोट दाखवत होता. पालिकेने एक नगरशोभा समिती नेमली आणि तिच्या अध्यक्षपदी तक्का गावच्या ठमाबाईंना बसवलं. बसवणाऱ्यांचा हिशोब असा, की बाई सही करतील आणि घरी जातील. त्यांना ठमाबाई माहीत नव्हत्या. एका संध्याकाळी त्या स्वतः छापखान्यात आल्या, कागदाच्या रिमांवर ऐसपैस बसल्या आणि म्हणाल्या, "कमलाकरभाऊ, दर आठवड्याला तुमी आमाला टोचताव. ह्यो डोंबारी रस्त्यान ढोल वाजवतो, तो खडूवाला फुटपाथ अडवतो, पालिका झोपलीय. मंग तुमीच लिवा ना नियम. आमाला लिवता येत नाय, तुमाला करता येत नाय. जोडी बरी हाय." मी किती फुगलो असेन याची तुला कल्पना आहेच. आजवर पालिकेने माझ्याकडून पावतीपुस्तकं छापून घेतली होती, आता कायदा मागितला. तुला एवढंच माहीत होतं की ती नियमावली आपल्या छापखान्यात छापली गेली. छापली तर होतीच. पण लिहिलीही मीच होती. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या पूर्णविरामापर्यंत. हे आज मी तुला पहिल्यांदा सांगतो आहे.

तीन संध्याकाळींत अकरा कलमं लिहिली. भाषा अशी, की स्वतःच प्रूफ वाचताना स्वतःचाच आदर वाटू लागला. कलम दोनमध्ये रस्त्यावरच्या कलाकाराची व्याख्या: 'जो कोणी इसम रस्त्यावर, अथवा रस्त्यावरून दिसेल वा ऐकू येईल अशा ठिकाणी, जनांचे रंजन करून त्याचा मोबदला स्वीकारील तो.' तिच्या कचाट्यातून माशी सुटणार नाही, असं मला वाटलं, आणि ते खरं निघालं. कलम चारप्रमाणे प्रत्येकाने छातीवर आपल्या कलेचं नाव आणि परवाना क्रमांक असलेला बिल्ला लावायचा. कलम सहाप्रमाणे, दारोदार फिरणारे सोडून, बाकीच्यांचे खेळ फक्त ठरवून दिलेल्या चौकोनात, संध्याकाळी पाच ते सात. कशासाठी लिहिलंस, असं विचारशील तर त्या वेळी माझ्याकडे छापील कारणं होती. गर्दी, कोंडी, स्वच्छता.

चौकोन भाजीबाजाराच्या मागे आखला गेला, पांढऱ्या रंगात, सहा फूट बाय सहा फूट. डोंबाऱ्याची दोरी सहा फुटांत बसेना, तो आपले बांबू खांद्यावर टाकून खोपोलीकडे निघून गेला. बँकेसमोर फरशीवर रंगीत खडूने मारुती काढणारा भगवान तुला आठवत असेल. लहानपणी तू त्या शेपटीला पाय लागू नये म्हणून रस्त्यात उतरून चालायचीस. त्यालाही चौकोन मिळाला. पण तिथे जमीन खडीची आहे. खडीवर खडू चालत नाही, हे अकरा कलमं लिहिणाऱ्याला सुचलं नव्हतं. भगवानने दोन दिवस प्रयत्न केला. मारुतीचं नाक एका खड्यावर आणि गदा दुसऱ्या खड्यावर अशी अवस्था झाली. मी त्यावर 'चिमटे'मध्ये चार ओळी लिहिल्या, लोक हसले असावेत. असावेत म्हणतो, कारण लिहिणाऱ्याला ते कधी ऐकू येत नाही.

दिवाळीनंतर नेहमीप्रमाणे काशिराम घाट उतरून आला. तुला तो कसा भेटायचा ते आठव. दुपारी जेवणं आटोपून लाईन आळी पेंगत असायची आणि एकदम दारात खाकी कपडे, हातात दंडुका, "कोन हाय रं घरात? वारंट हाय! तुमच्या मांजरानं शेजारच्या उंदराला बिगरपरवाना अटक केलीया, चला चौकीवर!" तू पाच वर्षांची असताना आईच्या पदराआड शिरून खरंच रडली होतीस आणि त्याने लगेच टोपी काढून "बहुरूपी हाय गं बाय माझी" म्हणत डोकं टेकलं होतं. त्यांच्यात एक धर्म आहे. सोंग पुरं झाल्याशिवाय ओळख द्यायची नाही, आणि सोंग लागल्याशिवाय बक्षिसी घ्यायची नाही. लागणं म्हणजे समोरच्याने क्षणभर तरी खरं मानणं. त्या एका क्षणावर पाच माणसांचं घर चालतं. दिवाळी ते शिमगा पनवेल-उरण, तेवढ्यावर पुढचे पावसाळ्याचे महिने.

यंदाही तो आला, तीच आळी, तीच दुपार, तेच खाकी कपडे. फक्त छातीवर बिल्ला होता: 'बहुरूपी, परवाना क्र. ७'. चोवीस पॉइंट ठळक टाइप. मीच निवडला होता. उशी टाकून पडलेल्या बायकांनी डोळे किलकिले करून आधी छाती वाचली आणि मग कूस बदलली. कोणीतरी खिडकीतून म्हणालं, "सात नंबर, पुढे चला." आपल्या दारात त्याने सगळं सोंग केलं, मांजर, उंदीर, चौकी, काही वगळलं नाही. मी ओटीवर बसून बघत होतो. सर्कशीतला वाघ 'हा वाघ आहे' अशी पाटी गळ्यात घालून डरकाळी फोडत असावा, तसं ते दिसत होतं. मी खिशातून नाणं काढलं तर त्याने हात मागे घेतला. "लागलं न्हाई मालक. न लागल्याली बक्षिसी पचत न्हाई." मग आवाज उतरवून, नियम कोणाचे हे माहीत असल्यासारखा म्हणाला, "ह्यो बिल्ला खिशात ठिवला तर चालंल का? सोंग झाल्यावर काढून दावीन की." किती साधी गोष्ट होती. आणि मी, ज्याने पालिकेच्या प्रत्येक 'नियम म्हणजे नियम'चं चोवीस वर्षं भांडवल केलं, काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "काशिराम, नियम म्हणजे नियम." मागे दारात आई उभी होती. त्या संध्याकाळी वालाचं बिरडं केलं होतं आणि त्यात मीठ नव्हतं. तुझ्या आईच्या हातून मीठ विसरत नाही, हे आपल्या दोघांनाही माहीत आहे.

त्यानंतर आठेक दिवसांनी एक गृहस्थ छापखान्यात आले. राखाडी सफारी, जाड काळ्या काड्यांचा चष्मा, झुपकेदार मिशी, काखेत चामडी बॅग, खिशाला तीन पेनं. आल्याबरोबर त्यांनी टेबलावर बोट फिरवलं, बोटाला लागलेली धूळ पाहिली आणि वहीत काहीतरी टिपलं. बसा म्हणालो तर म्हणाले, "बसायला आलो नाही. परवाना निरीक्षक. जिल्ह्याहून. कमलाकर विनायक गुप्ते आपणच?" आवाज असा कोरडा, की माझ्या घशाला तहान लागली. "आपण 'चिमटे' नावाचं सदर लिहिता? त्याने जनांचं रंजन होतं?" मी म्हणालो, होत असावं. "असावं नको. होतं की नाही? मोबदला स्वीकारता?" संपादक दिवाळीला मिठाईचा पुडा पाठवतात, एवढंच, असं मी म्हणालो. "पुडा," ते म्हणाले आणि वहीवर पेन फिरवत पुटपुटले, 'मोबदला, वस्तुरूप.' "साप्ताहिक विकलं कुठे जातं? टपाल नाक्यावर. दोरीला टांगून. म्हणजे रस्त्यावरून दिसेल अशा ठिकाणी." आणि मग त्या गृहस्थांनी कागद न बघता, एक अक्षर न अडखळता, माझं कलम दोन मला म्हणून दाखवलं. माझी व्याख्या, माझाच स्वल्पविराम. माशी आत सापडली होती.

खरं सांगतो अनुया, मला क्षणभरही शंका आली नाही. उलट मनात पहिला विचार हा आला की कोणीतरी अखेर माझी नियमावली इतक्या बारकाईने वाचली! लेखकाला पकडायचं तर पिंजरा नको, त्याचंच वाक्य त्याला म्हणून दाखवावं. ते पुढे म्हणाले की यापुढे सदराच्या डोक्यावर ठळक अक्षरांत 'हा विनोद आहे, परवाना क्र. ८' असं छापावं लागेल, आणि लेखन संध्याकाळी पाच ते सात, भाजीबाजारामागच्या चौकोनात बसून करावं लागेल. मी खुर्चीतून उठलोच. म्हणालो, अहो साहेब, वर विनोद आहे असं लिहिल्यावर खाली हसेल कोण? वाचणाऱ्याला आधी खरं वाटलं पाहिजे, मग चिमटा बसतो. आधीच सांगून टाकलं तर उरलं काय? "मुद्दा विचारात घेण्यासारखा आहे," ते म्हणाले, "पण तोंडी नको. अर्ज करा." आणि मी केला! माझ्याच लेटरहेडवर, माझ्याच हाताने: 'सबब, ज्या कलेचा प्राण ओळखू न येण्यात आहे, त्या कलावंतास छातीवर ओळख लावावयास सांगणे म्हणजे ती कलाच बंद करणे होय. तरी कलम चारमधून सूट मिळावी.' खाली सही, तारीख, शिक्का. इतकं चांगलं मराठी मी त्या अकरा कलमांत लिहिलं नव्हतं. तेवढ्यात आई चहा घेऊन आली. आलं घातलेला, आणि बशीत बेसनाचे दोन लाडू. सरकारी माणसाला ती कधी लाडू देत नाही, पण हेही मला तेव्हा खटकलं नाही. साहेबांनी लाडू खाल्ले, अर्ज बॅगेत घातला आणि "सुनावणीला हजर राहा" म्हणून निघून गेले.

पुढचे चार दिवस कसे काढले ते विचारू नकोस. त्या आठवड्याचं 'चिमटे' लिहिलंच नाही, संपादकांना सांगितलं ताप आहे. दुपारी एकदा भाजी आणायच्या निमित्ताने त्या चौकोनात जाऊन उभाही राहून आलो. सहा बाय सहा. वाकून खडी चाचपली. त्या खडीवर मारुती काढायला सांगितलेला माणूस आठवला, तेव्हा चौकोन जरा जास्तच लहान वाटला.

सोमवारी पालिकेच्या सभागृहात हरकतींची सुनावणी होती. ठमाबाई मधल्या खुर्चीत, शेजारी कारकून, पाठीमागे आठ-दहा रिकामटेकडे नागरिक आणि कोपऱ्यात भगवान, हाताच्या बोटांना अजून निळा खडू. सफारी घातलेले साहेब आत आले तसा मी उभा राहिलो, आणि माझं बघून अर्धी सभा उभी राहिली. साहेब सरळ ठमाबाईंपुढे गेले आणि माझा अर्ज त्यांच्यासमोर ठेवला. कारकुनाने तो मोठ्याने वाचला. 'ज्या कलेचा प्राण ओळखू न येण्यात आहे' या वाक्याला एकाने वाहवा दिली. ठमाबाई म्हणाल्या, "ह्यो अर्ज कोनचा?" साहेबांनी चष्मा काढला, मग मिशी काढली, तीन पेनं काढून टेबलावर ठेवली, वाकून मुजरा केला आणि घाटावरच्या आवाजात म्हणाले, "लिवलाय मालकानी, अर्ज माझा हाय. बहुरूपी काशिराम. लायसन नंबर सात." आणि खिशातून बिल्ला काढून दाखवला.

हसण्याचा जो लोट आला त्यात मी भिंतीला टेकलो. ठमाबाई पदराने डोळे पुसत होत्या. "कमलाकरभाऊ, तुमी आमाला उभा जन्म हसलाव, आज देवानं फेड केली." कारकुनाने विचारलं, अरे तुला वाचता येत नाही, कलमं पाठ कशी? तर म्हणाला, "पोस्टातल्या बाबूनं चार डाव वाचून दावली. आमच्यात बापानं एकदा म्हटलं की पाठ व्हायाच लागतं, चार म्हंजी लई झालं." मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला चिडायची पुरेपूर संधी होती, आणि मी चिडण्यात तरबेज आहे. पण अगदी खरं सांगायचं तर मला हलकं वाटलं. चोवीस वर्षांत मला इतक्या नीट वाचणारा दुसरा कोणी भेटला नव्हता. मी म्हणालो, अर्ज माझाच आहे, त्यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे, मंजूर करा. तिथल्या तिथे कलम चार बदललं: ज्या कलावंताचं सोंग ओळख लपवण्याचं आहे त्याने बिल्ला खिशात बाळगावा आणि खेळ संपल्यावर दाखवावा. म्हणजे काशिरामने ओटीवर मागितलं होतं तेच. कलम सहाही गेलं आणि भगवानला बँकेसमोरची फरशी परत मिळाली. चौकोन राहिला आहे, तिथे आता भाजीवाल्या टोपल्या ठेवतात.

कारकून कागद गोळा करायला लागला तेव्हा मी म्हणालो, नववं कलमही काढून टाका. ठमाबाई म्हणाल्या, "नववं काय हाय?" कारकुनाने वाचलं: 'विद्यार्थी कलाकारांनी परवाना अर्जासोबत पालकांचे लेखी संमतिपत्र जोडणे आवश्यक.' या कलमाने तिथे बसलेल्या कोणाचं काही अडलं नव्हतं. ठमाबाईंनी माझ्याकडे बघितलं, बराच वेळ. "तुमची पोर पुन्याला हाय ना?" हो म्हणालो. "काढा," त्या कारकुनाला म्हणाल्या, आणि मला पुढे काही विचारलं नाही. त्या बाईंचे उपकार मी तोंडाने फेडू शकणार नाही, तेव्हा पुढच्या वर्षी त्यांच्यावर एखादं 'चिमटे' कमी लिहीन.

बाहेर व्हरांड्यात काशिराम थांबला होता. मी म्हणालो, लागलं बाबा, असं लागलं की जन्मभर पुरेल, माग बक्षिसी. माझा अंदाज धोतरजोडी किंवा आईचं लुगडं असा होता. तो म्हणाला, "एक खरं बोला, मालक. आमी तुमचं काय वंगाळ केलं व्हतं?" मी म्हणालो, गर्दी व्हायची, कोंडी व्हायची. तो माझ्याकडे बघून हसला, एखाद्या नवशिक्याची मिशी सुटलेली दिसावी तसा. "लागलं न्हाई," म्हणाला, राम राम केला आणि पायऱ्या उतरून गेला. घरी येऊन आईला सगळं सांगितलं, तर ती शांतपणे शेंगा सोलत म्हणाली, "मला ठाऊक होतं. तुम्ही त्यांच्या कागदाकडे बघत होता, मी पायांकडे. असल्या भेगा सरकारी टाचांना नसतात." मग सांगितलं का नाहीस, म्हटलं. म्हणाली, "अहो, कोणाचं सोंग मधेच उतरवू नये." आणि माझ्याकडे असं बघितलं की मला कळलं, ती फक्त काशिरामबद्दल बोलत नव्हती.

तर काशिरामला न दिलेली बक्षिसी तुझ्या पत्त्यावर पाठवतो आहे, कारण ते उत्तर तुझंच आहे. मे महिन्याच्या बाविसाव्या तारखेला एस.टी. स्टँडवर तुमच्या ग्रुपचं पथनाट्य झालं, तेव्हा मी तिथे होतो. तुला सांगितलं होतं, कागद आणायला मुंबईला चाललोय. उसाच्या गाड्यामागे उभा होतो. तू नळ झाली होतीस. डोक्यावर पिवळी बादली, हात वाकडा, आणि समोर हंडे घेतलेली रांग. रांगेतलं माणूस पुढे येऊन पाणी मागायचं आणि तू पाण्याऐवजी भाषण सोडायचीस. 'बंधू-भगिनींनो, थेंब हा सागराचा पाया आहे.' माझ्या शेजारचा हमाल पोटावर हात ठेवून हसत होता. कंडक्टर गाडी सोडायची विसरला होता. मी बापाची लाज म्हणून तिथून निघालो, असं इतके महिने स्वतःला सांगत आलो. पोरगी भर स्टँडवर बादली घालून उभी, लोक काय म्हणतील, वगैरे. ते सोंग होतं, अनुया, आणि ते मला स्वतःलाही लागलं नाही. खरं कारण फार क्षुद्र आहे. मी चोवीस वर्षं लिहितो आणि माझ्या वाक्यावर कोणी हसलेलं मी एकदाही ऐकलेलं नाही. तुझ्या पाच मिनिटांत मी ते शंभर माणसांकडून ऐकलं, तेही तू माझ्यापेक्षा चांगल्या लिहिलेल्या वाक्यांवर. मला ते सहन झालं नाही. घरी आलो, आणि चार महिन्यांनी नियम लिहायची संधी मिळाली तेव्हा नववं कलम लिहिलं, कारण तू मला संमती मागणार नाहीस हे मला पक्कं ठाऊक होतं. दिवाळीच्या सुट्टीतला तुमचा पनवेलचा प्रयोग त्यामुळेच अडला. त्याला झाकायला बाकीची दहा कलमं लिहिली, आणि त्यांच्याखाली डोंबारी, भगवान आणि काशिराम सापडले. तू त्या दिवशी मला गाड्यामागे बघितलं होतंस की नाही, हे मला माहीत नाही. बघितलं असशील तर आजवर एका अक्षराने बोलली नाहीस, आणि तरीही दर पत्रात नमस्कार पाठवलास, त्याबद्दल तुझे आभार मानायची मला लाज वाटते, म्हणून लिहून मानतो. परवान्याचा कोरा अर्ज सोबत आहे. आता त्यावर माझी सही लागत नाही. तारीख तुम्ही ठरवा, जागा स्टँडचीच घ्या. मी या वेळी गाड्यामागे नसेन. कारण मी निघालो तेव्हा तुमच्या नाटकातली म्हातारी रिकामा हंडा घेऊन रांग मोडून थेट नळासमोर येऊन उभी राहिली होती आणि भाषण करणारा नळ पहिल्यांदाच गप्प झाला होता. पुढे तो काय बोलला, आणि म्हातारीला पाणी मिळालं का, हे मला सात महिने झाले तरी माहीत नाही. आईला विचारलं, ती म्हणते, जिने लिहिलं तिला विचारा. म्हणून विचारतो आहे.

तुझाच,
बाबा